परसबागेतील शेजारधर्म

न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अळू, कुंपणावर चढलेला दोडका, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला लाल भोपळा आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी कढीलिंब, असे महाराष्ट्रातील परसाचे जुने रूप आहे. त्यात आखणी नव्हती, ओळी नव्हत्या. पण एकाच जातीच्या झाडांची गर्दीही नव्हती. अलीकडच्या काळात परसबागेकडे पुन्हा लक्ष वळले आहे. केंद्र शासनाने २०१९ साली शाळांमधील पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजेच ‘उमेद’च्या प्रेरणेने महिला बचत गटांनी ठिकठिकाणी पोषण परसबागा उभ्या केल्या. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चार माणसांच्या घराचा हा हिशेब रोज दीड किलोच्या वर जातो. एवढी भाजी विकत घेणे पुष्कळ कुटुंबांना झेपणारे नाही. अर्ध्या गुंठ्याची नीट राखलेली परसबाग मात्र त्यातील बराच वाटा उचलू शकते.

परंतु नव्या परसबागा आखताना शेतातील पद्धत नकळत घराशी येते. एका वाफ्यात सगळी वांगी, दुसऱ्यात सगळी भेंडी, तिसऱ्यात सगळे टोमॅटो आणि मधली जागा खुरपून स्वच्छ केलेली. दिसावयास हे नीटनेटके दिसते. महिना-दीड महिन्याने वांग्याचे शेंडे माना टाकू लागतात, भेंडीची पाने पिवळी पडतात आणि मग शेतातला फवारणीचा पंप स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर राखावे, हे छापलेले असते. शेतकरी ते पाळू शकतो, कारण त्याची तोडणी ठरावीक दिवशी होते. परसबागेत हे अंतर पाळणे जवळजवळ अशक्य आहे. भेंडी दोन-तीन दिवसांनी तोडली नाही तर निबर होते, मिरची रोजच्या फोडणीला लागते आणि लालसर झालेला टोमॅटो शाळेतून आलेले मूल न धुताच तोंडात टाकते. परसबागेत भाजीशेजारी कोणती भाजी लावावी, या प्रश्नाचे महत्त्व येथे आहे. शेजार नीट निवडला, तर पंपाची गरज पुष्कळ अंशी कमी होते.

जुनीच रीत

एका पिकाला दुसऱ्याची सोबत देणे हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवीन नाही. ज्वारीच्या तासांमध्ये मोघ्याने तूर पेरणे, बाजरीत मटकी व हुलगा मिसळणे, कांद्याच्या वाफ्यांच्या वरंब्यांवर मुळा व कोथिंबीर टोकणे, या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. तुरीचे मूळ खोल जाते, ज्वारीचे वरच्या थरात पसरते. ज्वारी आधी निघते आणि तूर मागे राहून मोकळ्या झालेल्या जागेत फोफावते. एकाच जमिनीत दोघींची भांडणे होत नाहीत, ती यामुळे.

उत्तर अमेरिकेतील इरोक्वा आणि इतर आदिवासी जमाती मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकत्र घेत आणि त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणत. मक्याचे ताट घेवड्याला आधार देते. भोपळ्याची रुंद, खरखरीत पाने जमीन झाकून ओल टिकवतात व तणाला डोके वर काढू देत नाहीत. घेवड्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधला जातो. ही तिन्ही पिके महाराष्ट्रातील परसात सहज येतात आणि मजेची गोष्ट अशी, की मिरची, टोमॅटो व झेंडू हेही त्याच अमेरिका खंडातून पुढे भारतात आले. तिन्ही बहिणी एकाच दिवशी पेरू नयेत, एवढे पथ्य मात्र आहे. आधी मका, तो वीतभर वाढला की घेवडा आणि त्यानंतर आठवड्याने भोपळा. घेवडा आधी चढला, तर मक्याचे कोवळे ताट त्याच्या वजनाने आडवे होते.

कीड झाड कसे शोधते

किडीला तिचे झाड सापडते ते वासाने, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच उग्र वासाचे झाड शेजारी लावले की किडीला मुख्य पिकाचा वास लागत नाही, असेही सांगितले जाते. इंग्लंडमधील वेल्सबर्न येथील संशोधन केंद्रातील स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी कोबीवर्गीय पिकांच्या किडींचा अनेक वर्षे अभ्यास करून २००० साली वेगळा सिद्धांत मांडला. कोबीची माशी वासाने पिकाच्या जवळ येते खरी, पण उतरताना ती केवळ हिरव्या रंगावर उतरते. भोवतालची जमीन उघडी असेल, तर हिरवे काय ते कोबीचेच पान. माशीचा नेम चुकत नाही. भोवती दुसरी हिरवी पाने असतील, तर ती त्यांवरही उतरते. पानाची चव पायांनी घेऊन ती उडते आणि पुन्हा उतरते. अंडी घालण्यापूर्वी तिला योग्य पान लागोपाठ काही वेळा मिळावे लागते. मध्येच चुकीचे पान लागले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शेजारी उग्र वासाचे झाड असो की बिनवासाचे, परिणामात फारसा फरक पडला नाही. इतकेच काय, हिरव्या कागदाचे तुकडे लावूनही माशीची फसगत झाली.

या प्रयोगांचा परसबागेपुरता अर्थ सरळ आहे. खुरपून आरशासारखी स्वच्छ केलेली जमीन किडीला सोयीची असते. कोबी, फुलकोबी किंवा वांग्याच्या रोपांमध्ये मेथी, कोथिंबीर, पालक अशी ठेंगणी भाजी दाट पेरली, तर तेच काम विनासायास होते, आणि वर महिन्याभरात भाजीही मिळते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते. कोबीचा पसारा होईपर्यंत ती जागा अडवीत नाही.

झेंडूची दोन कामे

परसबागेतील सोबत्यांमध्ये झेंडूचे स्थान वरचे आहे. त्याची कीर्ती मात्र बऱ्याचदा चुकीच्या कारणाने सांगितली जाते. बागेच्या चार कोपऱ्यांत चार झाडे लावली आणि कीड पळाली, असे होत नाही. झेंडूची कामे दोन आहेत आणि दोन्हींना आपापली वेळ साधावी लागते.

पहिले काम जमिनीखालचे. वांगी, टोमॅटो, भेंडी व काकडीवर्गीय वेल यांच्या मुळांवर सूत्रकृमींमुळे गाठी येतात. झाड मरत नाही, पण खुरटते. पाणी दिले तरी दुपारी मलूल दिसते. उपटून पाहिल्याशिवाय रोग कळत नाही. झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थायनील नावाचे द्रव्य असते. ते सूत्रकृमींना मारक असल्याचे नेदरलँड्समधील युलेनब्रुक व बायलो या संशोधकांनी १९५८ साली दाखवून दिले. परंतु हे द्रव्य मुळांच्या आसपासच काम करते. टोमॅटोच्या ओळीच्या टोकाला एक झेंडू लावल्याने दुसऱ्या टोकाच्या रोपाला काही लाभ होत नाही. संपूर्ण वाफ्यात झेंडू दाट लावून तो किमान दोन महिने उभा ठेवावा आणि नंतर त्याच वाफ्यात भाजी लावावी, ही खरी रीत होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही रीत फारच सोयीची आहे. दसऱ्याला व दिवाळीला घरोघरी झेंडूचे तोरण लागतेच. जूनअखेर बी टाकून जुलैच्या उत्तरार्धात रोपे लावली, तर दसऱ्यापर्यंत झेंडू वाफ्यात दोन-अडीच महिने उभा राहतो. फुले काढून घेतल्यावर झाडे बारीक तोडून त्याच मातीत गाडावीत आणि पंधरा दिवसांनी तेथे रब्बीची वांगी वा टोमॅटो लावावेत. फुलोऱ्यातील पीक जमिनीत मिसळण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेद अध्यायात झाडे लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरून ते फुलले की तेथेच मळून टाकावेत, असे सांगितले आहे.

दुसरे काम सापळ्याचे. टोमॅटोचे फळ पोखरणारी हिरवी अळी, जी हरभऱ्यावर घाटे अळी म्हणून ओळखली जाते, तिच्या मादी पतंगाला झेंडूची कळी व फूल अंडी घालण्यास टोमॅटोपेक्षाही पसंत पडते. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावरून टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, अशी शिफारस केली आहे. त्यातील मर्म रोपांच्या वयात आहे. टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे असताना त्यासोबत लावावयाचे झेंडूचे रोप ४० ते ४५ दिवसांचे असावे, म्हणजे दोघांचा फुलोरा एकाच वेळी येतो. झेंडू मागून फुलला, तर पतंग तोपर्यंत टोमॅटोवर बसून गेलेला असतो. परसबागेत पंधरा-सोळा रोपांमागे झेंडूची एक-दोन झाडे पुरतात.

सापळा लावला की तो रोज पाहावा लागतो, हे मात्र विसरता कामा नये. झेंडूच्या कळ्यांत शिरलेल्या अळ्या वेचून नष्ट केल्या नाहीत, तर तोच झेंडू किडीचे पाळणाघर होतो. शेतात हे काम जिकिरीचे आहे. परसबागेत सकाळी पाणी घालताना पाच मिनिटांत होते. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी वाढतो, तेव्हा जुनी झाडे काढून टाकणेच बरे.

मोहरी, मका आणि चवळी

कोबीला चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी चाळणी करून टाकते. ही कीड अनेक कीटकनाशकांना सरावलेली असल्याने तिच्यावर फवारणीचाही भरवसा धरता येत नाही. तिला मोहरीची पाने फार प्रिय. याच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेतात. त्यांपैकी एक कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरावयाची. पहिली मोहरी जून होते तोवर दुसरी कोवळी तयार असते. वीस-पंचवीस कोबीच्या परसबागेत वाफ्याच्या एका कडेला फोडणीच्या डब्यातील मूठभर मोहरी या वेळा सांभाळून पेरली तरी भागते. अळ्यांनी भरलेली झाडे वेळीच उपटून नष्ट करावीत.

मिरचीच्या बाबतीत मक्याचा उपयोग होतो. मिरचीवरील काही विषाणूजन्य रोग मावा पसरवितो. यांतील कित्येक विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशी केवळ चिकटलेले असतात. बाहेरून उडत आलेला मावा आधी उंच मक्यावर उतरला आणि तेथे सोंड खुपसली, की विषाणू तेथेच पुसला जातो. मका त्या रोगाला बळी पडत नाही. म्हणून मिरचीच्या वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी, त्याही मिरची लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे, पेराव्यात. पांढरी माशी पसरवीत असलेल्या चुरडा-मुरड्यावर या कुंपणाचा आधार तितका पक्का नाही; तेथे रोगट रोप दिसताच उपटणे हाच उपाय.

चवळीवर काळा मावा हटकून येतो. तो पाहून गृहिणी धास्तावतात आणि चवळी उपटून टाकतात. थोडा धीर धरल्यास आठवडाभरात त्याच वेलावर ठिपक्यांचे लाल ढालकिडे व त्यांच्या काळ्या, काटेरी अळ्या दिसू लागतात. हे मावा खाणारे मित्रकीटक होत. चवळीवरचा मावा प्रामुख्याने शेंगवर्गीय पिकांवर जगणारा. त्याच्यावर पोसलेले ढालकिडे मात्र शेजारच्या वांग्या-भेंडीवरील माव्यालाही सोडीत नाहीत. कोथिंबिरीची चार-दोन झाडे न उपटता फुलू द्यावीत, ती याच हेतूने. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांतील मध व पराग किडींच्या अंड्यांत व अळ्यांत आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांना लागतात. वांग्याचा शेंडा व फळ पोखरणारी अळी एवढ्याने पुरती आवरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्यासाठी माना टाकलेले शेंडे दर आठवड्याला कापून नष्ट करावेच लागतात.

शेंगांचे देणे

वाल, घेवडा, चवळी, मेथी ही शेंगवर्गीय झाडे हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे आता शाळेतील मुलेही सांगतात. १८८८ साली जर्मनीतील हेलरिगेल व विल्फार्थ यांनी ते सिद्ध केले. पण या ज्ञानातून एक गैरसमज रूढ झाला आहे. वालाशेजारी वांगे लावले की वांग्याला लगेच खत मिळू लागते, अशी अनेकांची कल्पना असते. मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र बांधतात तो प्रथम त्या झाडासाठीच. शेजाऱ्याच्या वाट्याला त्या हंगामात फार थोडा येतो. बराचसा नत्र जमिनीला मिळतो तो मुळे व पाने कुजल्यावर. म्हणून शेंगा संपल्यावर वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा व मुळे तशीच राहू द्यावीत. पुढच्या हंगामात त्या जागी कोबी, पालक किंवा वांगी लावावीत. म्हणजे शेंगवर्गीय झाडाचे देणे शेजाऱ्याहून वारसाला अधिक मिळते.

सावलीच्या बाबतीत मात्र शेजार ताबडतोब फळतो. एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावरची कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते. दोडक्याच्या किंवा कारल्याच्या मांडवाखाली ती व पालक तग धरतात. आले, हळद व अळू यांना तर अशीच विरळ सावली मानवते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून मांडव, शेवगा, पपई, मका अशी उंच मंडळी बागेच्या उत्तरेला असावीत. दक्षिणेला ठेवल्यास थंडीतील भाज्यांना दिवसभर ऊन दिसत नाही.

नको असलेला शेजार

वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा हे एका कुळातील. त्यांचे रोग सामाईक. एकाला मर रोग झाला की जंतू मातीत राहतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला गाठतात. सोयीसाठी ही चारही एकाच वाफ्यात लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडावी आणि एका वाफ्यात हे कुळ लागोपाठ दोन हंगाम घेऊ नये. काकडी, कारले, दोडका, भोपळा यांची फळमाशी एकच. त्यांचे वेल एकमेकांत गुंतवू नयेत आणि किडलेली फळे बागेत पडू देऊ नयेत. नीलगिरीच्या झाडाखाली तर कोणतीही भाजी लावून श्रम फुकट घालवू नयेत.

परदेशी पुस्तकांतून आलेल्या मित्र-शत्रू झाडांच्या याद्याही अलीकडे हातोहात फिरतात. १९७५ साली अमेरिकेत लुईस रिओट यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. गाजरांना टोमॅटो आवडतात, असे त्याचे नावच आहे. ते अतिशय लोकप्रिय झाले. अशा याद्यांत काही अनुभवाचे बोल असतात, काही ऐकीव गोष्टी. गाजराशेजारी कांदा लावावा, हा सल्ला युरोपातील गाजर-माशीसाठी दिला गेला. ती माशी महाराष्ट्रातील परसात नाही, तेव्हा त्या कारणासाठी येथे कांदा लावण्याचे प्रयोजन उरत नाही. तुळशीने टोमॅटोची चव वाढते, हे म्हणणेही गोडच आहे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर सातेरी व फुलोरी मधमाश्या येतात, ही गोष्ट मात्र कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. काकडी व भोपळ्याची नर-मादी फुले वेगळी असतात आणि ती सकाळी उमलतात. त्या वेळी मधमाश्या बागेत असतील, तरच फळ धरते. तुळस वेलांजवळ असावी ती यासाठी.

एका वाफ्याचे वर्ष

सुमारे तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असा एक वाफा उदाहरणादाखल घेता येईल. पावसाळ्यात त्यात दसऱ्यासाठी झेंडू दाट लावावा. याच काळात सप्टेंबरमध्ये दुसरीकडे गादीवाफ्यावर टोमॅटोचे बी टाकावे. सापळ्यासाठी लागणाऱ्या झेंडूचे बी त्याआधी पंधरा-वीस दिवस पडलेले असावे. दसऱ्यानंतर झेंडू गाडून पंधरा दिवसांनी ६० सेंटिमीटर अंतराने टोमॅटोच्या दोन ओळी, टोकांना झेंडूची एक-एक रोपे आणि मधल्या जागेत मेथी व कोथिंबीर पेरावी. मेथी आधी निघेल. कोथिंबिरीची काही झाडे फुलावर येऊ द्यावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो आटोपले की तेथे चवळी टोकावी. तिच्या शेंगा उन्हाळाभर मिळतात आणि मृगाआधी ती जमिनीलगत कापता येते. पुढील पावसाळ्यात त्या वाफ्यात भेंडी किंवा पालेभाजी येईल आणि दसऱ्याचा झेंडू शेजारच्या वाफ्यात जाईल. कोणत्या वाफ्यात काय होते, हे घरातील दिनदर्शिकेच्या पाठीमागे वेळच्या वेळी लिहून ठेवावे. दोन हंगामांनंतर ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.